नाशिकजवळच्या गिरणारेकडच्या मळ्यातला मध, सव्वा वर्ष खाऊन मग लिहितेय

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला मध दिलाच नाही, तिथूनच सुरुवात करते. दीड वर्षापूर्वीचा ऑगस्ट, गंगापूर रोडनं धरणाच्या बाजूनं आम्ही दोघं गिरणारेकडे निघालो, रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्या, वरून पाऊस, मळ्याचा रस्ता इतका चिखलाचा की गाडी लांब लावून चालत गेलो. आणि तिथं मधपेट्या ठेवणारे ते दादा पडवीत बसलेले, म्हणाले, "ताई, मध नाहीये हो. पावसाळ्यात माश्यांनाच खायला पुरत नाही, उलट मीच त्यांना साखरपाणी पाजतोय. नोव्हेंबरात या."

मी तर साखरपाणी हा शब्द ऐकूनच थबकले. म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून मी मॉलमधली बाटली सोडून इतक्या लांब आले तीच गोष्ट हा माणूस तोंडावर सांगतोय. परत येताना मिस्टरांना म्हटलं पण, की गेलं पेट्रोल वाया, हा पण तसलाच निघाला. आज मला वाटतं की त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं त्याच्यामुळेच मी त्यांच्याकडून आजपर्यंत घेतेय.

आधी मध लागतो कशाला ते सांगते. आमच्या घरी सासरे आहेत, नाना, ७६ वर्षांचे, थंडी पडली की त्यांचा खोकला सुरू होतो आणि पंचवटीतले त्यांचे वैद्य त्यांना सितोपलादि चूर्ण मधातून घ्यायला सांगतात. वैद्यांनी एकदा सहज विचारलं की मध कुठला वापरता, मी ब्रँड सांगितला, ते काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले ओळखीतला कुणी मधपेट्या ठेवणारा असेल तर बघा. आमच्या ओळखीत कोण असणार. मग बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर ज्या मावशींकडून मी नेहमी भाजी घेते त्यांना विचारलं तर त्यांनी त्यांच्या गावाकडच्या या दादांचं नाव सांगितलं. नाव आणि नंबर मी इथं टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, माल थोडा असतो आणि फोन आले की नाही नाही म्हणत बसावं लागतं असं त्यांचं म्हणणं. गिरणारेच्या बाजूला कुणाला पेटीवाले दादा कुठं राहतात विचारलंत तर कळेल.

ह्याच्या आधी मी एकदा फसलेय. हायवेच्या कडेला स्टीलची बादली घेऊन बसतात ना, बादलीत वर खरं मोहोळ ठेवलेलं, दोन-चार माश्या घोंघावतायत, तुमच्यासमोर पिळून देतात, तसला मी ४०० रुपये किलोनं घेतला होता. घरी आणल्यावर नानांनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाले हा गुळाचा पाक आहे. मी म्हटलं डोळ्यांसमोर पिळलाय. पण बादलीच्या वरचं मोहोळ खरं असलं म्हणून खालचं सगळं खरं असतं असं थोडीच आहे. नंतर दादांकडचा मध खाल्ल्यावर फरक इतका सरळ कळला की मला स्वतःचा रागच आला.

आता साखरपाण्याचं. नोव्हेंबरमध्ये परत गेले (मावशींनी दोनदा सांगितलं म्हणून गेले) तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. दादा अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, जून ते ऑगस्ट इकडं संततधार, माशी बाहेर पडू शकत नाही, फुलातला रस धुऊन जातो, पेटीतला साठा संपला की वसाहत एकतर उपाशी मरते नाहीतर पेटी सोडून उडून जाते. तेवढ्या काळापुरतं साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार करून देतात, फक्त माश्या जगाव्यात म्हणून. फुलं सुरू झाली की ते बंद. पेटीला दोन मजले असतात, खालच्यात राणी, अंडी, पिल्लं आणि त्यांचा घरखर्चाचा मध, आणि वरच्या मजल्यावर जास्तीचा मध साठतो, तेवढाच माणसानं घ्यायचा. दादा साखरपाणी बंद केल्यावर, शेतं फुलल्यावरच वरचा मजला चढवतात. फसवणारा काय करतो तर वरचा मजला चढवलेला असतानाच साखरपाणी चालू ठेवतो, माश्या तेच वर नेऊन भरतात, आणि तो माल पोळ्यातून काढलेला म्हणून विकतो. म्हणजे माशीनं भरला, पेटीतून निघाला, तरी तो फुलाचा मध नाही. हे मला कोणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. त्यामुळे मधपेटीवाल्याकडे गेलात तर "साखर देता का" एवढंच विचारू नका, "कधी देता आणि कधी बंद करता" हे विचारा. मी अजिबातच देत नाही असं एखाद्यानं छातीठोक सांगितलं आणि त्याच्या पेट्या आपल्याकडच्या पावसात वर्षभर असतील, तर मी तरी जरा जपूनच घेईन.

पेट्या बघायच्यात का विचारलं त्यांनी. मी लांबूनच म्हणत होते पण मुलगा तयार, नऊ वर्षांचा आहे, त्याला जाळीची टोपी घातली आणि आम्ही आंब्याखाली गेलो. लोखंडी स्टँडवर लाकडी पेट्या, प्रत्येक स्टँडचा पाय पाण्याच्या वाटीत, मुंगळे चढू नयेत म्हणून. दादांनी धुराच्या डब्यातून दोन फुंका मारल्या, झाकण काढलं, आणि तो वास काय सांगू, मेण, फुलं, थोडा धूर, गरम लाकूड, सगळं एकत्र. एक फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, उचलून उन्हात धरली तर वरच्या भागात पांढरट मेणाचं झाकण बसलेली घरं आणि खाली उघडी घरं, आत रस चमकतोय. झाकण बसलेला तो पिकलेला मध. माश्या फुलातला पातळ रस आणतात, पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात आणि पुरेसा घट्ट झाला की मेणानं बंद करतात. उघडा आहे तो अजून कच्चा. चौकटीचा बहुतेक भाग बंद झाल्याशिवाय ते काढत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

मग चाकूनं ती मेणाची झाकणं तासली, चौकटी पत्र्याच्या पिंपासारख्या मधयंत्रात उभ्या केल्या, हँडल फिरवलं, मध भिंतीवर उडून खाली नळातून यायला लागला. तो नळाखालचा धागा तुटतच नव्हता. मलमलच्या कापडातून गाळला, झालं. तापवणं नाही काही नाही. आणि रिकामी झालेली पोळी जशीच्या तशी परत पेटीत, माश्यांना ती पुन्हा बांधावी लागत नाहीत. एक किलो मेण बनवायला माश्यांना साधारण ६ ते ८ किलो मध खर्ची घालावा लागतो असं दादा सांगत होते, म्हणजे पोळं पिळून टाकलं की त्यांचं किती नुकसान ते बघा. डोंगरातल्या आग्या माशीचं मोहोळ रात्री जाळ करून झाडतात तेव्हा माश्या मरतात, पिल्लंही मधात पिळली जातात. मी लहानपणी आजोळी पेठच्या बाजूला तो मध खाल्लाय आणि आवडीनं खाल्लाय, आज मात्र ते आठवून वाईट वाटतं. अर्थात माश्यांना न मारता मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून घेणारे पण आदिवासी बांधव आहेत, सगळ्यांना एका मापात मोजू नये.

दादांकडे दोन जातीच्या माश्या आहेत, बहुतेक पेट्या मेलिफेरा म्हणजे बाहेरून आलेली जात, ती मध जास्त देते. आणि पाच-सहा पेट्या सातेरीच्या, ही आपली देशी, आकारानं लहान, झाडाच्या ढोलीत घर करणारी, मध बराच कमी देते. सातेरीचा मध ते कधीकधीच विकतात.

चव. तर इथं मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आपण दुकानातून मध घेतो तेव्हा मधाला एकच चव असते असं आपल्याला वाटतं. बाटली दर वेळी सेम. दादांकडे मी आत्तापर्यंत चार वेगवेगळे मध घेतले आणि चारही वेगळे. पहिला नोव्हेंबरचा, कारळ्याचा म्हणजे खुरासणीचा. पावसाळा सरताना पेठ सुरगाण्याकडे डोंगरउतारावर पिवळी शेतं दिसतात ना तीच, दादा त्या वेळी पेट्या टेम्पोत घालून रात्रीतून तिकडं नेतात (रात्री सगळ्या माश्या घरात असतात म्हणून). हा मध सोनेरी, गोड जरा जास्त, आणि मागे तेलबियांसारखी एक चव रेंगाळते, कारळ्याची चटणी ज्यांनी खाल्लीय त्यांना ती लगेच ओळखू येईल. दुसरा फेब्रुवारी-मार्चचा, कांद्याच्या डेंगळ्यांवरचा. आपल्याकडे शेतकरी उळ्यासाठी, म्हणजे बियाण्यासाठी, कांद्याचे डेंगळे लावतात, त्याला पांढरे गेंद येतात, आणि माशी फिरली नाही तर बी नीट भरत नाही, म्हणून शेतकरी स्वतःच पेट्या ठेवायला बोलावतात, डाळिंबाच्या बागेत पण तसंच. हा मध ताजा असताना बाटली उघडली की खरंच कांद्याचा हलका वास आला, मुलानं तर नाक मुरडलं, पण महिन्याभरात तो वास गेला आणि राहिलेली चव मला फार आवडली, थोडी तिखटसर. तिसरा मे महिन्यातला जांभळाचा, काळपट, कमी गोड, जिभेवर थोडं तुरट कडवट. नानांना हाच पाहिजे असतो. चौथा सातेरीचा, अर्धा किलो मिळाला, त्यात एकच अशी चव नाही, आसपासच्या सगळ्या झाडाझुडपांचा मिळून, थोडी आंबट कड, आणि वास असा की चमचा धुवावासा वाटत नाही.

आणि हो, द्राक्षाचा मध. नाशिक म्हटलं की लोक हमखास विचारतात, एका प्रदर्शनात मी "द्राक्षबागेतला मध" अशी पाटी पण बघितलीय. दादांना विचारलं तर म्हणाले द्राक्षाच्या फुलात माशीला घ्यायला फारसं काही नसतंच, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर इतक्या फवारण्या चालतात की आम्ही पेट्या बागांपासून लांब पळवतो. मागे शेजारच्या बागेत भर सकाळी फवारणी झाली आणि त्यांच्या सात पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडला होता, ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. तो बागवाला काही वाईट माणूस नाही, त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारलं तर त्या वाचतात. आता तो आदल्या दिवशी फोन करतो.

डिसेंबरमध्ये काय झालं, नाशिकची थंडी पडली आणि आमच्या कारळ्याच्या मधाची बाटली खालून पांढरी व्हायला लागली, आठ दिवसांत अर्धी बाटली तुपासारखी थिजली. मी लगेच फोन लावला, आवाज चढवूनच बोलले असेन. दादा म्हणाले, ताई, तो गोठलाय, खराब नाही झाला. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन मुख्य साखरा असतात, ग्लुकोज जास्त असेल तर तो लवकर कणीदार होतो, मोहरी, सूर्यफूल, कारळा हे लवकर जमतात, जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. १४-१५ डिग्रीच्या आसपास तर सगळ्यात लवकर जमतो, म्हणून फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका. पातळ हवा असेल तर हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बाटली ठेवा, गॅसवर नको. मी तसं केलं तर तासाभरात सुटला. पण आता आम्ही सोडवतच नाही, कणीदार मध गरम भाकरीवर तुपाबरोबर असा लागतो की विचारू नका. ज्या गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं ती ही की लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सासूबाईंच्या माहेरून एक बरणी मध आला होता, तो असाच जमला आणि साखर घातलीय म्हणून मी तो मोरीत ओतून दिला. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. आज त्या नाहीत.

घरच्या घरी टेस्ट करायची म्हणाल तर मी सगळ्या केल्यात. पाण्याच्या ग्लासात थेंब सरळ तळाला जातो, टिश्यू पेपर ओला होत नाही, काडी पेटते, मुंग्या येत नाहीत, कुत्रं खात नाही, जे जे व्हॉट्सॲपवर येतं ते. मग मी तेच काकवीवर करून बघितलं. काकवीचा थेंब पण सरळ तळाला गेला. कुठलाही घट्ट पाक जाणारच ना. आणि खऱ्या मधाला आमच्या ओट्यावर मुंग्या आल्या, चांगल्या रांग लावून आल्या. तेव्हापासून मी त्या टेस्टच्या नादी लागत नाही. लॅबचं पण सोपं नाहीये, २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेनं १३ ब्रँडचे नमुने तपासून घेतले होते, त्यातले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या तपासण्यांत पास झाले आणि जर्मनीतल्या लॅबमध्ये एनएमआर ही जास्त बारकाईची टेस्ट केल्यावर फक्त ३ ब्रँड उतरले. म्हणजे साखरेचे पाक असे बनवले जातात की साध्या टेस्टमध्ये पकडलेच जाऊ नयेत. मग आपण ग्लासात थेंब टाकून काय पकडणार? म्हणून मी म्हणते की पेट्या कुठं होत्या, कोणत्या महिन्यात काढला, कशावरचा आहे, हे विचारा, आणि जमलं तर एकदा जाऊन बघा. ज्याच्याकडे वर्षाचे बाराही महिने एकाच रंगाचा मध पाहिजे तेवढा मिळतो त्याला हे प्रश्न अवघड जातात.

आता तक्रारी, कारण त्या आहेत आणि त्या सांगितल्या नाहीत तर हे लिहिण्याला अर्थ नाही. सगळ्यात मोठी म्हणजे गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली. मार्चअखेर अवकाळी झाला होता, त्यानंतर मी दीड किलो आणला, मिक्स फुलांचा म्हणून. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर फुस्स असा आवाज, वर फेस, आणि वास आंबूस, ताडीसारखा. नाना म्हणाले फेकून दे. मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः आमच्या बिल्डिंगखाली हजर, बाटल्या परत घेतल्या, पैसे परत दिले. मी विचारलं झालं काय, तर सरळ बोलले, चूक माझी आहे. पावसाचा अंदाज होता, पेट्या हलवायच्या होत्या, म्हणून झाकण पुरतं न बसलेल्या फ्रेमसुद्धा काढून घेतल्या. हवेत दमट, मधात पाणी जास्त राहिलं, आंबला. मधातलं पाणी २० टक्क्यांच्या वर नसावं असा नियम आहे, पिकलेला मध सहज त्याच्या आत बसतो. त्यांनी त्या लॉटमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांना पण. माझ्या शेजारच्या वहिनींनी माझ्याबरोबरच एक किलो घेतला होता, त्यांचा मध अजून चांगला होता तरी तो परत घेऊन मेमध्ये जांभळाचा दिला. त्यानंतर त्यांनी पाण्याचं प्रमाण मोजायचं ते छोटं रिफ्रॅक्टोमीटर घेतलंय, आता बाटली भरताना एक थेंब काचेवर टाकून तुम्हाला आकडा दाखवतात. जांभळाचा १८.५ टक्के आला होता.

मी खूप विचार केला की हे लिहावं का, त्यांच्या धंद्यावर परिणाम होईल. त्यांनाच विचारलं. लिहा म्हणाले.

बाकीच्या तक्रारी छोट्या पण रोजच्या. बाटल्या प्लास्टिकच्या आणि झाकणं थर्ड क्लास, एकदा माझी पूर्ण पिशवी चिकट झाली, आता मी घरून काचेच्या बरण्या नेते. न्यायच्या असतील तर पूर्ण कोरड्या न्या, पाण्याचा थेंब राहिलेली बरणी ते भरून देत नाहीत, परत पाठवतात. लेबलवर हातानं महिना आणि फूल लिहितात पण शाई मधाच्या हातानं पुसून जाते, काही दिवसांनी कुठली बाटली कुठली ते कळत नाही, पक्कं लेबल हवं. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन आहे, नंबर छापलेला आहे, मी चेक केलाय. प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट मागाल तर मात्र तो नाही. फोन उचलत नाहीत, कारण दिवसभर पेट्यांवर असतात, संध्याकाळी सातनंतर लावा. होम डिलिव्हरी नाही. शनिवारी वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, भाजीबरोबर शहरात दहा-पंधरा बाटल्या आणतात, पण त्या बऱ्याचदा आधीच सांगून ठेवलेल्या असतात.

भाव. कारळा आणि कांदा ५५० रुपये किलो, जांभूळ ७००, सातेरी १२००, हे मी दिलेले भाव आहेत. मॉलमधल्या ऑफरवाल्या बाटलीपेक्षा महाग, ऑनलाइन रॉ हनी म्हणून सुंदर काचेच्या बाटलीत मिळतो त्याच्यापेक्षा स्वस्त. एक गोष्ट बघून घ्या, काही जण मिलीलिटरमध्ये विकतात आणि काही ग्रॅममध्ये, आणि मध पाण्यापेक्षा चांगलाच जड असतो, एक लिटर मध भरतो जवळजवळ १.४ किलो. मला पहिल्यांदा एक किलोची बाटली हातात घेतल्यावर वाटलं होतं की कमी दिला, पाऊण लिटरची बाटली पण पूर्ण भरलेली नाही, घरी येऊन वजनकाट्यावर ठेवली तर बरोबर होती, बाटलीचं वजन सोडून.

अजून एक प्रसंग लिहायचाच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एकीला बाळ झालं, तिच्या सासूबाई माझ्याबरोबर मळ्यात आल्या होत्या, बाळाला चाटवायला चांगला मध पाहिजे म्हणून. दादांनी बाटली भरता भरता सहज विचारलं कोणासाठी, आणि पाच महिन्यांचं बाळ म्हटल्यावर हात थांबवला. म्हणाले मावशी, बाळ एक वर्षाचं होईपर्यंत नका देऊ. आजी चिडल्या, आमच्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवतात, आम्ही सगळे त्याच्यावरच वाढलो. पण त्यांनी शांतपणे सांगितलं की मध कितीही शुद्ध असला तरी त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, आपल्याला काही होत नाही, पण बाळाचं पोट तयार झालेलं नसतं, तिथं ते वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडू शकतं. मी घरी येऊन आमच्या मुलाच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही अगदी हेच सांगितलं, बोट्युलिझम म्हणतात त्याला, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. आजींनी अर्धा किलो घेतला पण सुनेसाठी. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना नको म्हणणारा दुकानदार मी दुसरा कुठं बघितलेला नाही.

शुगर असणाऱ्यांनी पण मध म्हणजे औषधच आहे असं समजून चमचे मारू नयेत, त्यात शेवटी साखरच आहे. नानांना बॉर्डरला शुगर आहे, त्यांना चूर्णाबरोबर लागतो तेवढा सोडून बाकी मध बंद आहे, डॉक्टरांना सांगूनच. आणि मध घालून उकळता काढा आम्ही करत नाही, काढा कोमट झाल्यावर वरून घालतो, वैद्यांनी पहिल्यापासून गरम करू नका हेच सांगितलंय आणि दादाही तेच सांगतात, तापवला की त्याचा वास आणि गुण जातो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा झाकणांसाठी कापला, आंबलेल्या लॉटसाठी नाही.

आत्ता त्यांच्या पेट्या कांद्याच्या डेंगळ्यांवर गेल्यात, तो मध मार्चच्या मध्यात निघेल असं वहिनी म्हणाल्या, पाऊस आला नाही तर. जांभळाचा मेमध्ये, त्याची यादी आत्ताच सुरू झालीय आणि मी नानांसाठी दोन किलो लिहून ठेवलाय. जून लागला की मात्र जाऊ नका, मिळणार नाही.